डॉक्टरांच्या गाडीची उचकी

बदलीच्या नोकरीत एकट्या बाईला घरमालक काय काय विचारतात, याची मला पुरेपूर सवय झालेली होती. मटण शिजवता का, पाहुणे फार येतात का, लग्न का केलं नाही, रात्री किती वाजता येता. या सगळ्याची उत्तरं मी घराबाहेर चप्पल काढतानाच तयार ठेवत असे. पण "वजन किती?" हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तो धाराशिवला.

बँकेतल्या एकानं पत्ता दिला होता. ओट्यावर एक उंच, वाळकेसे गृहस्थ हातात म्हशीला टोचायची जाडजूड सिरिंज घेऊन बसले होते. मी समोर टेकून भाड्याच्या खोलीबद्दल विचारलं. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. ती नजर वाईट नव्हती, पण चांगलीही म्हणवत नव्हती. आठवडी बाजारात गाय बघतात तशी होती.

"मॅडम, वजन किती भरतं तुमचं?"

मी सरळ उठले आणि चपला शोधायला लागले. तेवढ्यात आतून एक बाईमाणसाचा आवाज आला. "अहो, नीट सांगा की तिला. पळून जाईल ती."

मग त्यांनी सांगितलं. ते निवृत्त पशुवैद्य. दाराशी उभी असलेली जुनी पांढरी ॲम्बॅसेडर त्यांची, सरकारी लिलावात घेतलेली. आतला आवाज त्यांच्या पत्नीचा. गच्चीवर कुरडया वाळत घालताना त्या जिन्यावरून पडल्या, मणक्याचं ऑपरेशन सोलापूरला झालं. परतताना भाड्याच्या जीपनं असे धक्के दिले की घरी पोचल्यावर त्यांनी हात जोडून सांगितलं, आता मला कुठल्याही गाडीत बसवू नका. तेव्हापासून त्या घरात वॉकर धरून चालत होत्या, पण उंबरा ओलांडलेला नव्हता. भूमला त्यांचं माहेर, तिथं त्यांची थोरली बहीण, अक्का. अक्काचे गुडघे गेलेले, त्यांनाही प्रवास झेपत नव्हता. दोघी रोज फोनवर बोलायच्या आणि रोज शेवटी रडायच्या.

"रस्ता आता चांगला झालाय," डॉक्टर म्हणाले. "खड्ड्याचं दुखणं गेलं. ऱ्हायली फक्त हिची उचकी." हिची म्हणजे गाडीची. "ती घालवायची हाय. पण मागं डाव्या बाजूला आमच्या मंडळींच्या वजनाचं माणूस बसल्याबिगर मला कळणार कसं? पोतं ठिवून बघितलं. पोतं बोलत न्हाय."

अशा रीतीनं माझं वजन त्यांच्या पत्नीइतकं भरल्यामुळे मला धाराशिवात खोली मिळाली. गुणांवर कधी काही मिळालं नव्हतं, वजनावर मिळालं.

सगळं गाव त्यांना डॉक्टर आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हणायचं, मीही म्हणायला लागले. ती उचकी काय प्रकार आहे हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बॉनेट उघडून समजावलं. मला मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तेवढं डोक्यात राहिलं. त्या गाडीच्या कार्ब्युरेटरवर एक लहानसा घुमट असतो आणि घुमटावर टोपी. टोपी फिरवून काढली की तिला लटकलेली एक बारीक दांडी बाहेर येते. ती जिथं बुडते तिथं चमचाभर तेल असतं, बस्स. आपण पायानं ॲक्सिलरेटर दाबला की आतला दट्ट्या वर जातो. हे तेल त्याला म्हणतं, सावकाश. तेल पातळ झालं तर दट्ट्या टुणकन वर उडतो, हवा जास्त शिरते, पेट्रोल मागं राहतं, इंजिनाला उचकी लागते आणि मागं बसलेल्याला हिसका बसतो. तेल दाट झालं तर दट्ट्या उठतच नाही, गाडी कुथत राहते आणि धूर ओकते. म्हणजे चमचाभर तेल नेमकं हवं. एवढ्याशा तेलावर काकूंचं माहेर अडलं होतं.

यावरचा उपाय आमच्या गल्लीच्या तोंडाशीच बसलेला होता. तिथं एका वयस्कर मुसलमान मिस्त्रींचं गॅरेज होतं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. उस्तादांनी गाडीकडे न बघताच सांगून टाकलं होतं, "डाक्टरसाब, वीस नंबरचं साधं तेल टाका. सगळ्या जुन्या गाड्यांत तेच चालतंय."

डॉक्टरांना हेच खटकलं. "न तपासता औषध? माझ्या दवाखान्यात असं केलं असतं तर लोकांनी मला गावातून हाकललं असतं." त्यांची तक्रार तेलाबद्दल नव्हतीच, पद्धतीबद्दल होती. आयुष्यभर मुक्या जनावरांना तपासलेला माणूस. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं, जनावर बोलत न्हाय, म्हणून ते खोटं बी बोलत न्हाय. गाडीबाबतही त्यांचं तेच मत होतं. सकाळी बॉनेटवर तळवा टेकवून ते डोळे मिटून उभे राहायचे. स्टेथोस्कोप लावत नव्हते, एवढीच मेहेरबानी.

मग सुरू झाले प्रयोग. शिलाई मशीनचं तेल झालं, ते फार पातळ निघालं. इंजिन ऑइल झालं, ते फार दाट. एरंडेल झालं, त्यानं गाडीनं असा धूर सोडला की समोरच्या घरची बाई वाळत घातलेले कपडे शिव्या देत काढायला आली. मोटारसायकलच्या शॉकअपचं तेल आलं, सायकलच्या दुकानातलं आलं. प्रत्येक तेल आधी दोन बोटांत चोळून बघायचं, वास घ्यायचा, मग जनावरांच्या लशीच्या रिकाम्या बाटलीत भरायचं आणि सिरिंजनं ओढून टोपीखाली सोडायचं. सोडताना ते हळूच म्हणायचे, "बस, बस, झालं." सुई टोचताना गाईला म्हणत असतील तसंच.

आणि मग माझी पाळी. रविवारी सकाळी मी मागच्या सीटवर डावीकडे बसायचं, मांडीवर काठोकाठ भरलेला ताकाचा पेला धरायचा आणि डॉक्टरांनी स्टेशनच्या रस्त्याला गाडी न्यायची. ताक सांडलं तर तेल नापास. पाणी का नको, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पाणी वाळून जातं. ताकाचा डाग खोटं बोलत न्हाय." माझ्या निम्म्या ओढण्या त्या हिवाळ्यात नापास झाल्या. सोमवारी बँकेत शेजारच्या काउंटरवरचे साहेब आंबूस वासानं नाक मुरडून इकडेतिकडे बघायचे आणि मी मान खाली घालून पासबुकं छापत राहायची.

एकदा खोबरेल तेल पास झालं. दुपारचं ऊन होतं, गाडी लोण्यासारखी पळाली, पेल्यातलं ताक हललंही नाही. डॉक्टर खुशीत. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या थंडीत गाडी जागची हलेना. टोपी काढून बघतात तर आत पांढरं शुभ्र गोठलेलं. थंडीत खोबरेल गोठतं हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मी हसू दाबत उभी होते. डॉक्टर माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, डोक्याला लावायचं तेल आणि डोक्यानं निवडायचं तेल वेगळं असतं, हे आज कळलं." मग ते स्वतःच हसायला लागले. माणूस तऱ्हेवाईक होता, पण स्वतःवर हसण्याचं त्याला वावडं नव्हतं.

काकू खिडकीतून हे सगळं बघायच्या. खिडकीशी त्यांची बाज होती. गोऱ्या, गोल चेहऱ्याच्या, बोलायला फटकळ. नवऱ्याच्या प्रयोगांना त्या 'दवाखाना' म्हणायच्या. "गेला का पेशंट? आला का पेशंट?" त्यांच्या पुण्यातल्या मुलानं फोनवर सांगून पाहिलं होतं की ॲम्ब्युलन्स करू, आडवं झोपून जाशील, काही दुखणार नाही. त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर मी स्वतः ऐकलं. "माहेरी आडवी जाऊ व्हय? अक्का दारात मला तशी बघंल तर तिथंच बसकण मारंल. जाईन तर बसून जाईन, आपल्या गाडीत." मुलानं फोन ठेवला.

करडई आली ती हिवाळा सरता सरता. तामलवाडीकडं डॉक्टरांची थोडी शेती होती. तिथली करडई लाकडी घाण्यावर गाळून आणलेलं पिवळंधमक तेल काकूंच्या स्वयंपाकघरात बारा महिने असायचं. एका संध्याकाळी भाजीला फोडणी पडताना डॉक्टरांनी त्या तेलाची धार बघितली आणि ते जेवता जेवता थांबले. मी तिथंच जेवायला होते. त्यांची नजर बघून काकू म्हणाल्या, "न्हाय हं. ते खायाचं तेल हाय."

दुसऱ्या दिवशी ते सिरिंजमध्ये होतं.

आणि खरं सांगते, त्या तेलानं कमाल केली. पहिल्या रविवारी ताकाचा थेंब सांडला नाही. स्पीडब्रेकरनंतर गाडी उचलतानासुद्धा नाही. स्टेशनपाशी डॉक्टरांनी गाडी थांबवली, माझ्या हातातला पेला घेतला आणि घटाघटा पिऊन टाकला. "आपल्या मातीचं तेल, मॅडम. सगळ्या बाजारात हिंडलो आणि औषध घरात फोडणीला." मला वाटलं, आता पुढच्या रविवारी काकू भूमला.

पण पुढच्या रविवारी डॉक्टर म्हणाले, जरा थंडीत बघू. थंडीत पास झालं, तर म्हणाले, जरा उन्हात बघू. उन्हं चढली, गाडी दारात तापत उभी राहिली, डॉक्टर रोज इंजिन चालू करून तळवा टेकवत राहिले, आणि मी रविवारमागून रविवार ताक धरून बसत राहिले. एकही थेंब सांडत नव्हता. तरी दिवस ठरत नव्हता. मला राग यायला लागला. माझ्या रविवारांचं राहू द्या, खिडकीतून बघणाऱ्या त्या बाईचं काय? शेवटी काकूंनीच दिवस ठरवला. अक्काला फोनवर सांगून टाकलं, येत्या रविवारी येते.

त्या सकाळी काकू जांभळं इरकल नेसून, वॉकर धरून ओट्यापर्यंत आल्या. इतक्या महिन्यांनी त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं होतं. अक्कासाठी धपाटे फडक्यात बांधलेले होते, ते माझ्या हातात. डॉक्टरांनी गाडी सुरू केली आणि काकूंच्या पायरीजवळ आणण्यासाठी ॲक्सिलरेटर दाबला. गाडीनं एक गचका दिला, मग दुसरा, अडखळत फाटकापर्यंत गेली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. आजवरच्या सगळ्या उचक्या त्या एका सकाळी वसूल झाल्या.

 काकूंनी सावकाश वॉकर वळवला आणि आत गेल्या. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "धपाटे खाऊन टाका. नासतील." आम्ही दोघांनी ओट्यावर बसून ते धपाटे खाल्ले. 

उस्ताद आले. त्यांनी टोपी फिरवली तर दांडी निघेना. बरीच खटपट करून ती बाहेर ओढली, तेव्हा तिच्यावर तपकिरी, डिंकासारखा थर चढलेला. दट्ट्या आत चिकटून बसलेला. उस्तादांनी बोटानं थर खरवडला आणि वास घेतला.

"डाक्टरसाब, क्या डाले इसमें?"

"करडई," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले.

उस्तादांनी कपाळाला हात लावला. "चार दिवस चालतंय ते. गरमीत राहिलं की सुकून वार्निश होतंय. आमचे चाचा लाकडाला लावायचे."

खिडकीतून काकू म्हणाल्या, "माझ्या तेलाच्या बुधलीचं बूच रोज चिकटतंय. मला विचारलं असतं तर म्या सांगितलं असतं. मला कोण विचारतंय."

उस्ताद पेट्रोलनं धुऊन घेऊ लागले. डॉक्टर ओट्यावर येऊन माझ्याशेजारी बसले. एरवी ताठ बसणारा माणूस गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले, "पहिल्या रविवारी गेला असतात तर पोचला असतात."

"व्हय," ते म्हणाले. उघड्या बॉनेटकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, जनावराला दुखलं की ते लाथ मारतंय. लाथ बसली की आपण हात काढून घेतो. सोलापूरवरून येताना ही पदर दातात धरून बसली हुती. आवाज न्हाय केला. घरी आल्यावर पदराला भोकं बघितली म्या. हिला दुखलं तर मला कळणार कसं, सांगा?"

माझा फणकारा तिथंच विरला. तेल कुठलंही आलं असतं तरी हा माणूस दिवस पुढेच ढकलणार होता. त्याला उचकी न येणारी गाडी नको होती, न दुखण्याची हमी हवी होती, आणि ती कुठल्याच दुकानात मिळत नव्हती. मला त्यांची विलक्षण दया आली आणि त्याहून जास्त माया वाटली.

खिडकी उघडीच होती. काकूंनी सगळं ऐकलं असणार, कारण आतून वॉकरचा ठक ठक आवाज यायला लागला. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. अंगावर अजून तेच इरकल.

"इतके दिवस या पोरीला माझ्या जागी बसवलं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "हिची पाठ मोडलीय का? हिला काय कळणार? माझी जागा हाय, मीच बसते. दुखलं तर मी बोलीन. तोंड हाय मला."

"बोलशील?"

"बोलीन म्हणलं न्हवं."

उस्ताद हात पुसत म्हणाले, "वीस नंबरचं टाकू का आता?" डॉक्टरांनी मान डोलावली. सिरिंज त्यांनी उस्तादांच्याच हातात दिली.

त्या दिवशी काकू नुसत्या गाडीत बसल्या, फाटकाच्या आत, दार उघडं टाकून. पाठीशी चादरीची घडी. मांडीवर सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. जाणारी-येणारी माणसं थांबून बोलत होती. "काकू, कुठं निघाला?" "अजून निघाले न्हाय. जागा धरून ठिवलीय." पुढचे काही दिवस संध्याकाळी त्या अशाच बसायच्या. एक दिवस डॉक्टरांनी इंजिन चालू ठेवलं. एक दिवस गाडी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली आणि काकूंनी जाहीर केलं की टोकाचं वळण घेताना गाडी नाही, डॉक्टर थरथरत होते.

मग एका सकाळी ठरलं, जकात नाक्याच्या पुढं मोठ्या रस्त्याला लागायचं आणि पहिल्या पेट्रोल पंपावरून परत वळायचं. त्याहून पुढं नाही. पुढच्या सीटवर मी, मागं काकू. डॉक्टर इतके सावकाश चालवत होते की एक दूधवाला सायकलवरून आम्हाला मागं टाकून गेला आणि जाताना त्यानं वाकून आत बघितलं, सगळं ठीक आहे ना.

मोठ्या रस्त्यावर गाडी छान निघाली. साधंच तेल, पण काम चोख करत होतं. सकाळचा गारवा होता, दोन्ही बाजूंना ज्वारी काढून झालेली रानं. काकू काच खाली करून बघत होत्या. पेट्रोल पंप आला. डॉक्टर वळणार, तेवढ्यात मागून एक ट्रक हॉर्न देत आला. त्यांना घाईनं ॲक्सिलरेटर दाबून बाजूला व्हावं लागलं, आणि गाडीला उचकी आली. एकच, पण चांगली. माझी मान मागं गेली.

डॉक्टरांनी गाडी कडेला थांबवली. इंजिन बंद केलं. त्यांनी मागं वळून बघितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"धक्का लागला?"

काकूंनी डोळे मिटले होते, एक हात सीटवर रोवलेला.  त्यांनी डोळे उघडले.

"लागला."

"लई?"

त्यांनी खरोखर विचार केला, बाजारात भाव ठरवतात तसा. मग म्हणाल्या, "तुमच्या तोंडाकडं बघून वाटतंय तेवढा न्हाय."

 डॉक्टर हात लांबवून गाडी सुरू करायला लागले. "चल. घरी जाऊन पडून राहा."

"घरी कशाला? घर मागं ऱ्हायलं." काकू काचेतून पुढच्या रस्त्याकडे बघत होत्या. "पोरी, अक्काला फोन लाव."

मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून मागं धरला. पलीकडून अक्काचा म्हातारा, खरखरीत आवाज आला.

"अक्का, निघाले गं मी," काकू म्हणाल्या. "बसून येतेय."

  अक्का आता आमच्याशी बोलतच नव्हती. ती घरात सुनेला हाका मारत होती, बाज दारात आण, आधी बाज दारात आण, तिला आल्याबरोबर मी दिसले पायजे.

डॉक्टरांनी रुमालानं डोळे पुसले, आरसा नीट केला आणि गाडी भूमच्या दिशेनं काढली.